तिसरी जोडी

तामाझनं शिकवलं होतं तिबिलिसीत, दोन दिवसांत:
पडद्यावर आहे तेवढंच वाचायचं.
भुवई उचलायची नाही.
"बरं" म्हणायचं, "वा" म्हणायचं नाही.
उमेदवार खोटे आहेत, उत्तरं खरी.

लोकांना "का" विचारलंत, तो म्हणाला,
तर ते काहीतरी सांगतात, पाहुण्याला सांगावं तसं.
म्हणून "का" विचारायचंच नाही.
शब्द पत्त्यांसारखे पिसायचे: वय, गाव, धंदा, पक्ष.
कुठला शब्द कुणाच्या दारात पडेल
ते यंत्रालाही आधी ठाऊक नसतं.
बाराशे उंबरठे झाले की पारडं जितकं कललं
तितका त्या शब्दाचा भार.

मला पटलं होतं. अजून पटतं.

झुग्दिदीच्या पुढे, पुलाच्या अलीकडे,
सप्टेंबरात, ताडपत्रीवर वाळत घातलेले हेझलनट,
निम्मे किडलेले.
नाझिब्रोला त्सुर्त्सुमिया, वय एकाहत्तर.
घराला क्रमांक नाही. तिनं मला पाटी उलटी करून बसायला दिली
आणि दगडानं कवचं फोडत राहिली.

पहिली जोडी: वकील की डॉक्टर?
"डॉक्टर. गुडघे दुखतात."
दुसरी: बटुमीचा की इथला?
"इथला. शिव्या कुणाला घालायच्या ते तरी कळेल."
मी "बरं" म्हटलं. बोटानं टिचकी मारली.

तिसरी जोडी.
पहिला: बावन्न, कारखानदार, तिबिलिसीचा, सत्तेतल्या पक्षाचा.
दुसरा: त्रेचाळीस, बसचा ड्रायव्हर,
ओचामचिरेहून आलेला, कुठल्याच पक्षात नाही.

दगड वरच थांबला.

"नाव काय त्याचं?"
नाव नसतं, आजी.
"तिकडची बस कुठली? सुखुमीची की ट्क्वार्चेलीची?"
पडद्यावर एवढंच आहे.
"त्रेचाळीस," ती म्हणाली. "त्रेचाळीसच होता जुंबेर.
लोकांना पोचवून येतो म्हणून बस घेऊन निघाला."

कोंबडी ताडपत्रीवर चढली, तिला कुणी हाकललं नाही.
मी नियमाप्रमाणे प्रश्न पुन्हा वाचला, शब्दाला शब्द,
आणि वाचताना आवाज माझा राहिला नाही.

"पहिला लिही," ती म्हणाली.
कारखानदार?
"हो, तो चोर. दुसऱ्याला निवडून दिलं
तर पुन्हा निघेल माणसं पोचवायला.
बसू दे त्याला घरी."

टिचकी मारली.
शून्य आणि एक, एवढीच जागा असते तिथं.
उद्या कुणी तक्त्यावर बोट ठेवून म्हणेल:
विस्थापित उमेदवार, इतके टक्के तोटा.
खोटं नाही ते.
ओचामचिरे हा शब्द होता म्हणूनच मत गेलं,
कारण बरोबर पकडलंय.
फक्त त्या उणे चिन्हाआड कुणी जेवण झाकून ठेवून वाट बघत होतं
हे चिन्हाला दिसत नाही.

रात्री तामाझला फोन केला. तो हसला नाही.
म्हणाला, अशी दुःखं दोन्ही ढिगांत सारखीच वाटली जातात,
नाणेफेकीचं कामच ते.
मग थोडं थांबून: "माझी आई गाग्राची आहे."
इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या मिनीबसमध्ये ड्रायव्हरचं वय मोजत बसले.
पन्नाशीचा असेल. मानेवर घाम, आरशाला क्रॉस टांगलेला.
जुंबेर त्या दिवशी निघालाच नसता तर,
त्या दुसऱ्या तिला
मी कुठल्या अंगणात जाऊन विचारणार होते?
माणसाला एकच चिठ्ठी मिळते.
दुसरी कुणी उघडून दाखवत नाही,
सरासरी मात्र निघते.

खिशात तिनं कोंबलेले मूठभर हेझलनट.
फोडून बघितले तर तीन पोकळ, एक भरलेला.
चारांवरून काही सांगता येत नाही, मी स्वतःलाच बजावलं,
आणि भरलेला खाल्ला नाही.